साहेब, आधी पूर्ण ऐकून घ्या

वाचकाचं पत्र, थोडक्यात

चाकण परिसरातल्या वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात हे वाचक मशीन शॉपचे विभागप्रमुख आहेत. वय 41. दोन वर्षांपूर्वी सिनिअर इंजिनिअरचे विभागप्रमुख झाले. हाताखाली नऊ इंजिनिअर आणि सुपरवायझर, शिवाय तीन पाळ्यांमधले ऑपरेटर. ते लिहितात: ‘माझ्या केबिनचं दार कधी बंद नसतं. दिवसातला निम्मा वेळ लोकांचे प्रश्न सोडवण्यात जातो, कुणालाही तसंच परत पाठवत नाही. तरी तेच लोक आठवड्याने तोच प्रश्न घेऊन येतात, दिलेला सल्ला पाळत नाहीत. गेल्या महिन्यात एका हुशार ज्युनिअर इंजिनिअरने राजीनामा दिला आणि जाताना एचआरला सांगितलं, की साहेब ऐकूनच घेत नाहीत. हे मला फार लागलं. आता मला ऐकण्याच्या प्रशिक्षणाला पाठवणार आहेत. शॉपमध्ये एक जुने ऑपरेटर आहेत, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. ते तर माझ्याशी कामापुरतंही धड बोलत नाहीत. मी सल्ला देणं बंद करू का? मग माझा इतक्या वर्षांचा अनुभव काय कामाचा?’

उत्तर

नमस्कार.

तुम्ही लोकांना वेळ देता, आणि एक मुलगा सोडून गेला म्हणून इतके अस्वस्थ आहात. तुमच्यात आस्थेची कमतरता आहे असं मला मुळीच वाटत नाही. पण तुमचं पत्र पुन्हा एकदा वाचून पाहा. त्यात तुम्ही लोकांना काय सांगितलं ते जागोजागी आहे. अमक्याने मला असं काही सांगितलं जे मला आधी माहीत नव्हतं, असं एकही वाक्य नाही. दोन वर्षं, तीन पाळ्या आणि नऊ माणसं असताना असं घडावं याचा अर्थ एवढाच, की तुमच्यापर्यंत प्रश्न पोचतात पण माहिती पोचत नाही.

तुम्ही तीन गोष्टी गृहीत धरल्या आहेत असं मला दिसतं. माणूस जो प्रश्न घेऊन येतो तोच त्याचा प्रश्न असतो, ही पहिली. त्या प्रश्नाचं उत्तर दिलं म्हणजे त्याचं ऐकून घेतलं, ही दुसरी. आणि तुम्ही देता तो सल्ला असतो, ही तिसरी. तिन्ही जरा तपासून पाहू.

समजा, एक ज्युनिअर इंजिनिअर येतो आणि म्हणतो, ‘सर, तिसऱ्या पाळीत बोअरची साइज सारखी बाहेर जातेय.’ म्हणजे भागातल्या भोकाचं माप ठरलेल्या मर्यादेत राहत नाही. त्याचं वाक्य संपायच्या आत तुमच्या डोक्यात यादी तयार असते: इन्सर्ट (धातू कापणारा बदलता तुकडा) झिजला असेल, ऑफसेट (मशीनला दिलेली मापाची दुरुस्ती) चुकीचा दिला असेल, जॉब (मशीनवर लावलेला भाग) नीट क्लॅम्प होत नसेल, म्हणजे घट्ट पकडला जात नसेल. तुम्ही सांगता, ‘इन्सर्ट 200 ऐवजी 150 पीसला बदला आणि दर 20 पीसला साइज तपासा.’ तो ‘हो सर’ म्हणून जातो. अर्ध्या मिनिटात काम झालं, आणि आठवड्याने तो पुन्हा दारात.

त्याला सांगायचं होतं ते कदाचित असं असेल. साइज रात्रभर बाहेर जात नाही, जेवणाच्या सुट्टीनंतर जाते. मशीन अर्धा तास उभी राहिली की स्पिंडल आणि बॉलस्क्रू हे तिचे फिरणारे भाग थंड होतात. सुट्टीनंतरचा पहिला जॉब थंड मशीनवर निघतो, ऑपरेटर तो मोजून ऑफसेट देतो, मग मशीन पुन्हा तापते आणि साइज सरकते. तो परत ऑफसेट देतो, ती परत सरकते. यावरचा उपाय त्या मुलालाही ठाऊक आहे: सुट्टीनंतर दहा मिनिटं मशीन रिकामी फिरवून गरम करायची आणि मगच पहिला जॉब लावायचा. पण ती दहा मिनिटं उत्पादनाच्या आकड्यातून जातात. आणि सुट्टी संपल्यावर पाच मिनिटांत पहिला पीस निघाला पाहिजे, ही सूचना तुमच्याच सहीने बोर्डावर लागलेली आहे.

म्हणजे तो इन्सर्टबद्दल विचारायला आलाच नव्हता. तुमची सूचना आड येतेय हे तुम्हाला कोणत्या शब्दांत सांगावं, याचा अंदाज तो घेत होता. साइजचा प्रश्न ही त्याने दारावर मारलेली टकटक होती. तुम्ही टकटकीलाच उत्तर देऊन मोकळे झालात.

हाताखालचा माणूस मोठी गोष्ट बहुतेकदा अशीच आणतो, लहान करून आणि प्रश्नाच्या रूपात. ‘तुम्ही चुकताय’ असं तो म्हणत नाही. ‘असं केलं तर चालेल का?’ असं विचारतो. आणि वरिष्ठाने झटकन, आत्मविश्वासाने उत्तर दिलं की गप्प बसतो. 27 मार्च 1977 रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर धुक्यात दोन बोइंग 747 विमानं धावपट्टीवर धडकली आणि 583 माणसं गेली. त्या अपघाताला कारणं अनेक होती. त्यातलं एक असं, की केएलएम या डच कंपनीच्या विमानाने उड्डाणासाठी धाव घेतली तेव्हा फ्लाइट इंजिनिअरने शंका काढली होती: समोरचं विमान धावपट्टीवरून बाजूला झालं नाही का? कॅप्टन त्या कंपनीतला अत्यंत अनुभवी प्रशिक्षक होता. त्याने ठामपणे, झालंय, असं सांगितलं. इंजिनिअरने पुन्हा विचारलं नाही. यानंतरच्या काळात विमान कंपन्या कॅप्टनला ऐकायला आणि कनिष्ठांना शंका स्पष्ट बोलायला शिकवू लागल्या. युनायटेड एअरलाइन्सने असं प्रशिक्षण 1981 मध्ये सुरू केलं. आज ते जगभरच्या वैमानिकांना घ्यावंच लागतं. म्हणून प्रशिक्षणाला पाठवतायत याचा कमीपणा मानू नका. ज्यांचं ज्ञान सगळ्यात जास्त, त्यांनाच याची गरज सगळ्यात जास्त असते, कारण उत्तर त्यांनाच सगळ्यात लवकर सुचतं.

आता सल्ल्याचं. त्या मुलाची पगारवाढ, रजा, पाळीची यादी, सगळं तुमच्या हातात आहे. तुम्ही ‘मी तुझ्या जागी असतो तर असं केलं असतं’ म्हणालात तरी त्याला ‘असं कर’ एवढंच ऐकू येतं. मग तो स्वतःचं डोकं बाजूला ठेवून तसं करतो. जमलं नाही तर जबाबदारी त्याची राहत नाही, ‘साहेबांनी सांगितलं होतं.’ तेच लोक तोच प्रश्न घेऊन येतात त्याचं कारण बहुधा हेच आहे. तो प्रश्न आता तुमचा झालाय आणि ते फक्त त्याची खबर द्यायला येतात. सल्ला पाळत नाहीत म्हणून तुम्ही नाराज आहात, पण त्याला आज्ञाभंग म्हणू नका. न पाळलेला सल्ला बहुतेकदा दोनपैकी एका प्रकारचा असतो: तो भलत्याच प्रश्नाचा असतो, नाहीतर पाळायला लागणारा वेळ, माणूस किंवा अधिकार त्या व्यक्तीकडे नसतो. दोन्ही गोष्टी आधी ऐकल्याशिवाय कळत नाहीत.

समोर माणूस बसल्यावर

मोबाइल खणात ठेवा. टेबलावर पालथा घातलेला मोबाइलही थरथरला की तुमची नजर तिकडे जाते आणि ते समोरच्याला दिसतं. खुर्ची कॉम्प्युटरपासून वळवा. हातात कागद-पेन घ्या. पेनाचा उपयोग मात्र वेगळा आहे. समोरचा बोलत असताना तुम्हाला उपाय सुचणारच, त्याला इलाज नाही. आपण मध्येच बोलतो त्यात घाई असतेच, पण सुचलेलं विसरून जाऊ ही धास्तीही असते. म्हणून सुचेल तो उपाय समासात एका शब्दात लिहा, ‘इन्सर्ट’, ‘क्लॅम्प’, आणि तोंड बंद ठेवा. कागदाच्या मधल्या भागात त्याचे शब्द लिहा, त्याच्याच भाषेत. बोलणं संपल्यावर समास पाहा. निम्म्या शब्दांवर तुम्ही आपणहून काट माराल.

सुरुवातीलाच विचारा: ‘यात तुला माझा निर्णय हवाय, सल्ला हवाय, की आधी सगळं सांगून मोकळं व्हायचंय?’ पहिल्या-दुसऱ्या वेळी लोक गोंधळतील, ‘तसं काही नाही सर’ म्हणतील. चालेल. महिन्याभरात ते दारातूनच सांगत येतील, ‘सर, निर्णय नकोय, फक्त ऐका.’

‘का’ने सुरू होणारे प्रश्न सुरुवातीला टाळा. ‘साइज का गेली?’ हे आपल्याकडे जाब विचारल्यासारखं ऐकू येतं आणि माणूस बचावाच्या पवित्र्यात जातो. त्याऐवजी कधी, कुठे, काय: ‘नेमकी कधी जाते? कोणत्या मशीनवर? त्याच्या आधी काय झालेलं असतं?’ पुढे ‘तू आतापर्यंत काय करून पाहिलंस?’ आणि ‘तुझ्या मते काय करायला हवं?’ या सगळ्यांत मोलाचा प्रश्न शेवटी येतो: ‘मग ते करायला काय आड येतंय?’ बोर्डावरची तुमची सूचना याच प्रश्नाने बाहेर आली असती. आणि एक सापळा ओळखा. ‘इन्सर्ट बदलून पाहिलास का?’ याला प्रश्नचिन्ह असलं तरी तो सल्लाच आहे. असे दोन-तीन प्रश्न लागोपाठ आले की समोरच्याला कळतं, साहेबांचं उत्तर ठरलेलं आहे.

तो थांबला की मनात पाच आकडे मोजा. पाच सेकंदांची शांतता तुम्हाला फार लांब वाटेल, पण खरी गोष्ट कित्येकदा तिच्यानंतरच येते, ‘आणि अजून एक होतं सर...’ अशी. नाहीच आली तर ‘आणखी काही?’ एवढंच विचारा.

मग ऐकलेलं दोन वाक्यांत तुमच्या शब्दांत परत सांगा आणि विचारा, ‘बरोबर समजलो ना?’ ही पायरी लोक वगळतात, कारण नाटकी वाटते. पोपटासारखं त्याचंच वाक्य परत म्हटलं तर ती नाटकीच होते. त्याहून मोठी चूक म्हणजे त्यात आपलं निदान घुसवणं. ‘म्हणजे तुझं म्हणणं, तिसऱ्या पाळीचा ऑपरेटर लक्ष देत नाही.’ तो असं म्हणालाच नव्हता. पण आता साहेबांच्या तोंडून आल्यावर तो नाही म्हणणार नाही, आणि एका ऑपरेटरवर उगाच ठपका बसेल.

आता सल्ला. तो बंद अजिबात करू नका. तुमचा अनुभव शॉपला हवाच आहे, फक्त त्याचा नंबर शेवटी लागतो. ‘मला एक-दोन गोष्टी सुचतायत, सांगू?’ असं विचारून सांगा. दोनच सांगा. पाच सांगितल्या तर तो सगळ्यात सोपी उचलेल. प्रत्येकीमागचं कारण सांगा आणि ती कुठे लागू पडणार नाही तेही सांगा: ‘दहा मिनिटं मशीन फिरवल्यावरही साइज सरकली तर मग तापमानाचं कारण नाही, मग क्लॅम्पिंग बघ.’ असा सल्ला मिळाला की माणूस पुढच्या वेळी स्वतः विचार करतो. शेवटी निर्णय कुणाचा आहे ते स्पष्ट करा. ‘हे तू ठरव, शुक्रवारी मला सांग काय ठरवलंस.’ आणि निर्णय तुमचाच असेल, ग्राहकाच्या ड्रॉइंगचा किंवा खर्चाचा असेल, तर त्याला सल्ल्याचं रूप देऊ नका. सरळ म्हणा, ‘हे मी ठरवलंय, असंच करायचंय.’ लोकांना आदेशाचा त्रास कमी होतो. सल्ला म्हणून दिलेला आणि नंतर हुकूम ठरलेला आदेश त्यांना जास्त खुपतो.

एका ठिकाणी मात्र आधी ऐकायचं नाही. सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनच्या दाराचा इंटरलॉक, म्हणजे दार उघडलं की मशीन थांबवणारी सोय, बायपास केलेला दिसला, फिरत्या चकजवळ (जॉब पकडून फिरवणाऱ्या भागाजवळ) कुणी हातमोजे घालून उभा दिसला, तर आधी मशीन बंद. त्यात प्रश्न नाहीत, चर्चा नाही. मशीन थांबल्यावर मात्र बसून पूर्ण ऐका. दर दहा मिनिटांनी चिप्स (कापलेल्या धातूचे तुकडे) अडकत असतील आणि दार उघडून त्या काढल्याशिवाय आकडा पूर्ण होत नसेल, तर नुसत्या दमदाटीने इंटरलॉक उद्या पुन्हा बायपास होईल.

उघड्या दाराबद्दल

दार उघडं आहे याचा तुम्हाला अभिमान आहे. पण उघड्या दाराने सगळं धाडस समोरच्यावर टाकलेलं असतं. जे धीट आहेत ते येतात, बाकीचे बाहेर राहतात. आणि शॉपमध्ये केबिनच्या काचेतून कोण किती वेळ बसलंय हे सगळ्यांना दिसतं. जो वरचेवर आत जातो त्याला ‘साहेबांचा चमचा’ म्हणायला वेळ लागत नाही. म्हणून येण्याची वाट पाहू नका. सगळ्यांना सारखी आणि ठरलेली वेळ द्या, म्हणजे आत जाणं ही कुणाची खास गोष्ट राहणार नाही.

नऊ माणसं, प्रत्येकी दर पंधरवड्याला 30 मिनिटं. पंधरवड्याचे साडेचार तास होतात, आठवड्याचे सव्वादोन. सध्या तुमचा रोजचा निम्मा दिवस जातोय, त्यापुढे हे काहीच नाही. वेळ पाळी बदलाच्या अर्ध्या तासात किंवा डिस्पॅचच्या गडबडीत ठेवू नका. जागा केबिन नको. गर्दी ओसरल्यावरचं कँटीन किंवा रिकामी ट्रेनिंग रूम बरी. तिसऱ्या पाळीच्या सुपरवायझरला दिवसा बोलावू नका. तो झोप मोडून येईल आणि लवकर सुटायचं बघेल. पंधरवड्यातून एकदा तुम्हीच रात्री जा. त्या अर्ध्या तासात उत्पादनाचे आकडे काढू नका, त्यासाठी सकाळची मीटिंग आहे. तुम्ही आकडे काढले की ही आणखी एक हजेरी होते. आणि ठरलेली वेळ रद्द करावी लागली तर त्याच आठवड्यात दुसरी द्या. दोनदा रद्द केली की माणूस समजून जातो.

पहिल्या दोन बैठकी कोरड्या जातील. ‘सगळं ठीक आहे सर.’ तेव्हा ‘मी तुमचं ऐकतो का?’ असं विचारू नका. याचं उत्तर ‘हो सर’ सोडून दुसरं काही येणं शक्य नाही. असं विचारा: ‘गेल्या महिन्यात माझ्या कुठल्या एका सूचनेने तुमचं काम वाढलं?’ यात काहीतरी वाढलंय हे तुम्ही आधीच मान्य केलेलं असतं, त्यामुळे सांगणं सोपं जातं. उत्तर मिळालं की स्पष्टीकरण देऊ नका. ‘ती सूचना वरून आली होती’ हे कितीही खरं असलं तरी त्या दिवशी गिळा. लिहून घ्या, आभार माना, आणि कधी उत्तर देणार ती तारीख सांगा.

ही तारीखच सगळ्यात महत्त्वाची आहे. अमेरिकेत शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न कारखाना होता. तिथे 1928 ते 1930 या काळात सुमारे 21,000 कामगारांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. आधी ठरलेले प्रश्न होते. पण कामगार प्रश्न सोडून स्वतःला सलणाऱ्या विषयाकडे वळायचे. तेव्हा पद्धत बदलली: कामगार बोलेल ते ऐकायचं, अधिकार दाखवायचा नाही, वाद घालायचा नाही, सल्ला किंवा उपदेश द्यायचा नाही. मुलाखती अर्ध्या तासावरून दीड तासापर्यंत लांबल्या. ऐकण्याच्या शिस्तीबद्दल आजही शिकवलं जातं त्यातलं बरंच या नियमांत आहे. पण तिथे पुढे रुजलेल्या समुपदेशनावर टीका झाली तीही तितकीच रास्त होती: कामगाराचं मन हलकं होतं, त्याच्या तक्रारीचं कारण मात्र तसंच राहतं. ऐकणाऱ्याच्या हातात काही बदलण्याचा अधिकारच नव्हता. तुमच्याकडे तो आहे. त्यामुळे ऐकून काहीच न करणं हे तुमच्या बाबतीत न ऐकण्यापेक्षा वाईट ठरेल.

एक साधी वही ठेवा. तारीख, कोण, काय म्हणाला, मी काय कबूल केलं, कोणत्या तारखेपर्यंत. प्रत्येक गोष्टीला सात दिवसांत तीनपैकी एक उत्तर द्या. करतोय, अमुक तारखेपर्यंत. करू शकत नाही, कारण हे. माझ्या हातात नाही, अमक्याकडे नेलंय, त्यांचं उत्तर या दिवशी सांगतो. नकार लोक पचवतात. ‘बघू’ म्हणून विषय गायब झालेला पचवत नाहीत. ही वही केबिनच्या टेबलावर उघडी पडू देऊ नका, नावं आहेत तिच्यात.

दोन-तीन महिन्यांत तक्रारी वाढल्यासारख्या वाटतील. रिजेक्शनची नोंद वाढेल, थोडक्यात टळलेले अपघात कागदावर येऊ लागतील. घाबरू नका, आणि मुख्य म्हणजे वरच्यांना याची आधीच कल्पना देऊन ठेवा. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी 1990 च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास केला, तेव्हा चांगलं नेतृत्व असलेल्या गटांत चुकांची नोंद जास्त निघाली. तिथली माणसं चुका लपवत नव्हती, हे त्याचं कारण दिसलं. आकडा वाढला म्हणून तुम्ही सकाळच्या मीटिंगमध्ये आवाज चढवलात, तर नोंद पुढच्याच आठवड्यात खाली येईल. चुका आहेत तिथेच राहतील.

ते जुने ऑपरेटर

त्यांना केबिनमध्ये बोलावू नका. पंधरा वर्षांनी लहान साहेबासमोर खुर्चीत बसून ‘प्रॉब्लेम’ सांगणं त्यांना जड जाणार. तुम्ही त्यांच्या मशीनपाशी जा, तेही गडबड नसताना, आणि एकटे. शॉपमध्ये बाकीचे त्यांना काका म्हणत असतील तर तुम्हीही काकाच म्हणा, नावाने हाक मारू नका. सल्ला नको, विचारपूस नको, थेट कामाचं विचारा: ‘काका, ही सेटिंग तुम्ही वेगळी करता असं ऐकलं. जरा दाखवता का?’ अशा माणसांचं ज्ञान हातात असतं. कटिंगचा आवाज बदलला की इन्सर्ट संपत आला हे त्यांना कळतं, पण ते वाक्यात मांडायला सांगितलं तर ‘अंदाज असतो’ एवढंच म्हणतील. दाखवायला सांगितलं तर हात बोलतील. आवाजात बोलणं ऐकू येत नसेल तर मशीन थांबेपर्यंत थांबा, कानाशी ओरडायला लावू नका.

त्यांनी दाखवलेलं काही उपयोगी निघालं आणि तुम्ही कामाच्या सूचनेत घेतलंत, तर कुणाकडून आलं ते मीटिंगमध्ये सांगा. आधी त्यांना विचारून सांगा. काहींना नाव घेतलेलं आवडत नाही. आणि त्यांचं गप्प राहणं तुमच्यावरच्या रागातूनच आहे असं धरून चालू नका. तुमच्या आधीच्या दोन-तीन साहेबांना त्यांनी काही सांगितलं असेल आणि त्याचं काहीच झालं नसेल. ते विचारायला हरकत नाही: ‘पूर्वी कधी काही सुचवलं होतं का, जे राहून गेलं?’ मिळेल ते उत्तर वहीत पहिल्या पानावर जाऊ द्या.

जिथे ऐकायचं, पण उपाय आपण करायचा नाही

तुम्ही नीट ऐकू लागलात की कामापलीकडचंही येईल: घरातलं भांडण, कर्ज, दारू, आजारपण. इथे तुमचं काम रजा, पाळी बदलून देणं, योग्य माणसापर्यंत पोचवणं इतकंच आहे. बायकोशी कसं वागावं हे सांगायला जाऊ नका. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन ऐकण्याआधी देऊ नका. ‘माझ्यापाशी ठेवता येईल ते ठेवीन. कुणाच्या जिवाला किंवा सुरक्षिततेला धोका असेल तर मला पुढे जावं लागेल, आणि तेव्हा तुला सांगून जाईन’ असं म्हणा.

एखाद्या सहकारी महिलेने लैंगिक छळाबद्दल सांगितलं, तर चौकशी तुम्ही करायची नाही, दोघांना समोरासमोर बसवून मिटवायचं तर अजिबात नाही. 2013 च्या कायद्याप्रमाणे ते काम कंपनीच्या अंतर्गत समितीचं आहे. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार करायची असते. तसं कारण असेल तर समिती आणखी तीन महिने मुदत वाढवू शकते. तक्रार लिहायला अडचण असेल तर समितीने मदत करायची असते. तिला हा मार्ग सांगा, समितीचे सदस्य कोण ते दाखवा आणि नावं कुठेही बोलू नका.

कुणाच्या बोलण्यात जगण्याचा कंटाळा आल्यासारखं काही आलं तर विषय बदलू नका. ‘स्वतःचं काही बरंवाईट करावं असं मनात येतंय का?’ असं सरळ, शांतपणे विचारा. विचारल्याने ती कल्पना डोक्यात भरत नाही. उत्तर ‘हो’ असेल तर त्याला एकटं सोडू नका, त्या रात्री मशीनवर पाठवू नका, घरच्या माणसाला बोलवा. केंद्र सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेली-मानस सेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र, मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. तिथे फोन लागेपर्यंत शेजारी बसा.

आणि तो गेलेला मुलगा

त्याला फोन करून ‘मी तुझं कधी ऐकलं नाही, सांग’ असं विचारू नका. तो संकोचेल आणि गोड बोलून फोन ठेवेल. तो कोणाशी बोलला, आणखी कोण तसं म्हणतं, याचा शोधही घेऊ नका. राजीनाम्याच्या वेळचं बोलणं तुमच्यापर्यंत पोचलं याचीच उरलेल्या आठजणांना धास्ती असणार. त्याच्या जागी जो येईल त्याच्याशी पहिल्या पंधरवड्यात अर्ध्या तासाच्या दोन बैठकी ठेवा. नवा माणूस सहा महिन्यांनंतर जे पाहणं सोडून देतो, ते त्याला पहिल्या महिन्यात दिसतं.

प्रशिक्षणाला जाण्याआधी एचआरला एक गोष्ट विचारून घ्या: तिथे सराव आहे का? दिवसभर स्लाइड बघून ऐकायला येत नाही. तिघांचा गट करायचा. एकजण स्वतःची खरी, अजून न सुटलेली अडचण सांगतो, दुसरा दहा मिनिटं फक्त ऐकतो आणि विचारतो, तिसरा कागदावर खुणा करतो, किती वेळा मध्ये तोडलं, किती प्रश्नांत सल्ला दडला होता. मग जागा बदलायच्या. पाऊण तासात तिघांचं होतं. प्रशिक्षणात हे नसेल तर दुसऱ्या विभागातले दोन प्रमुख गाठा आणि शनिवारी एखाद्या रिकाम्या खोलीत स्वतःच करा. जाताना तिसऱ्या पाळीच्या साइजचा प्रश्न घेऊन जा.